ओल्या कचऱ्याचें आंबवण

आपल्यापैकीं पुष्कळांच्या परसांत उकिरडा असतो, आणि आषाढ लागला कीं तो पाण्यानें तुडुंब भरतो. लोणावळ्यास वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पाण्यांत खताचें सत्त्व विरघळून ओढ्यास मिळतें व मागें दुर्गंधी चिखल राहतो. शेण म्हणावें तर कांहीं भाताच्या खाचरांत जातें, कांहीं गोवऱ्या होऊन जळतें. परसांतल्या वांगी-मिरचीच्या वाट्यास कांहींच येत नाहीं.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथें कंपोष्ट खताची जी रीत बसविली, तींत ढीग चाळवून त्यास हवा द्यावी लागते. कोरड्या दिवसांत ती उत्तमच. परंतु मावळच्या पावसांत तिचा निभाव लागणें अवघड. तेव्हां उलट मार्ग धरावा, म्हणजे हवा मुळींच लागूं न देणें. जपानांत या रीतीस बोकाशी म्हणतात. दूध ज्या जंतूंनीं विरजतें, त्यांच्याच जातीचे जंतू येथें काम करितात. त्यांच्या आंबटपणामुळें कुजविणारे जंतू वाढत नाहींत.

प्रथम भाताचा कोंडा घ्यावा. गुळाचें पाणी व ताकाची निवळ शिंपडून तो इतकाच ओला करावा कीं, मूठ आवळली असतां गोळा व्हावा, पण थेंब गळूं नये. पिशवींत घट्ट दाबून दोन आठवडे ठेवावा व मग सावलींत वाळवावा. पुढें घट्ट झांकणाच्या बादलींत देठ, साली, उरलेला भात हें सर्व बारीक करून व निथळून घालावें. बोटभर थरावर मूठभर कोंडा पसरून दाबावें व झांकावें. झांकण दिवसांतून एकदांच उघडावें. मीं पहिल्या वेळीं आमटीसुद्धां ओतली आणि दाबण्याचा कंटाळा केला. आठव्या दिवशीं शेजाऱ्यांनीं बादली दूर न्यावयास लाविली. लोणच्यासारखा आंबूस वास व पांढरी बुरशी आली तर काम ठीक चाललें आहे असें समजावें.

बादली भरल्यावर दोन आठवडे बंद ठेवावी. तळाशीं तोटी बसविली असल्यास जमलेलें पाणी काढून, त्यांत शंभरपट साधें पाणी घालून झाडांच्या बुडाशीं द्यावें. आंतील माल अद्यापि खत नव्हे. तो आंबट असल्यामुळें मुळांस लागला तर रोप करपतें. पाणी न साचणाऱ्या उंच वाफ्यांत तो वीतभर खोल पुरावा, कुत्रीं उकरूं नयेत म्हणून वर धोंडे ठेवावे, आणि दोन ते चार आठवड्यांनीं रोपें लावावीं. भर पावसांत असा वाफा नसेल तर पडवींत, जुन्या घमेल्यांत कोरड्या मातीशीं कालवून ठेवावा.

एका घरच्या कचऱ्यांत बहुतेक पाणीच असतें. खाचरास त्याचा उपयोग नाहीं. वांग्याचीं चार झाडें व एक दुधीचा वेल, एवढ्यास मात्र तो पुरतो.