गळ कोणता, आमिष कोणते?

हिंजवडीच्या दक्षिणेला मुळा वाहते, उत्तरेला काही अंतरावर पवना. या दोन नद्यांच्या खोऱ्यांत, मुळशी आणि मावळ तालुक्यांत, कातकरी वाड्या आहेत. कात पाडण्याच्या कामावरून या समाजाला नाव मिळाले. ते काम गेले, पण मासे-खेकडे धरण्याची विद्या राहिली. मजुरी मिळाली नाही त्या दिवशी चुलीवर कालवण चढते ते या विद्येमुळे. ती पुढच्या पिढीकडे जावी म्हणून हा पाठ.

१. आधी माशाचे तोंड पाहा. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या थरात असतो. मृगळ तळाशी चरतो. शिंगाळाही तळाचाच, आणि रात्री जास्त फिरतो. मरळ गवताच्या आडोशाला दबा धरून बसतो. मासा जिथे चरतो त्या खोलीवर आमिष पोहोचले पाहिजे, म्हणून तरंगा त्या मापाने वर-खाली सरकवावा.

२. गळ आणि तंगूस. गळाचा नंबर जितका मोठा, तितका गळ लहान. चिलापीला ८ ते १० नंबर पुरतो. मरळीला १ नंबरासारखा मोठा लागतो. लहान माशाला बारीक तंगूस चालतो. मरळ झटका देते आणि गवतात शिरते, म्हणून तिथे जाड घ्यावा. तरंगा पाण्यात सरळ उभा राहील इतकेच शिसे बांधावे. शिसे विषारी आहे. ते दातांनी दाबू नये, पक्कड वापरावी.

३. आमिष. गांडूळ बहुतेक माशांना चालते. ओल्या मातीत, शेणाच्या उकिरड्याजवळ ते फुकट मिळते. रोहू-मृगळासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड मळावी. थोडा कापूस मिसळला तर गोळा पाण्यात लवकर सुटत नाही. मरळ शिकारी आहे. तिला लहान मासा किंवा बेडूक लागतो. गळाचे टोक आमिषात पूर्ण गाडू नये, नाहीतर मासा चारा खाऊन निघून जातो.

४. काय धरावे, काय सोडावे. गळाचा मोठा गुण हा की नको तो मासा जिवंत सोडता येतो. पाण्यात विषारी औषध किंवा सुरुंगाची दारू टाकली तर पिल्ले, अंडी, खेकडे सगळेच मरतात. एका दिवसाच्या कालवणासाठी पुढच्या वर्षाची भूक विकत घेतली जाते. पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे मासे, म्हणजे वलगणीचे मासे, सहज सापडतात. पण पोटात गाभोळी असलेली मादी सोडली तर नदी भरलेली राहते. मरळीचे नर-मादी पिल्लांची राखण करतात. पिल्लांच्या थव्याजवळ गळ टाकू नये. महसीर लागला तर ओल्या हाताने धरून सोडावा. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून पिल्ले पाण्यात सोडली आहेत. चिलापी मात्र मनसोक्त धरावी. ती मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली, आणि इथल्या माशांचे अन्न खाते.

५. पाणी पाहूनच बसा. शहराजवळ नदीत सांडपाणी मिसळते. फेस, काळे पाणी, उग्र वास किंवा मेलेले मासे दिसले तर तिथला मासा मुलांना खाऊ घालू नये; वरच्या अंगाला जावे. जलाशयाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असेल तर आधी विचारावे. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. पक्ष्यांच्या पायात अडकतो.

वाडीच्या बैठकीत विचारा:
- आजोबांच्या काळी आपल्या ओढ्यात कोणते मासे होते? आज कोणते दिसत नाहीत?
- वलगणीच्या दिवसांत कोणता डोह आपण सगळे मिळून राखून ठेवू?
- वाडीतल्या कोणत्या जाणत्या मावशी किंवा काका मुलांना गळ बांधायला शिकवतील?

पुस्तकातल्यापेक्षा त्यांचे ज्ञान मोठे आहे. या पाठात जे राहिले ते त्यांच्याकडून भरून घ्यावे.