एक संत्रे तोडतानाही : परदेशात रुळलेल्या एका विद्यार्थ्याचे चरित्र

शिक्षणासाठी दूर गेलेल्या मुलाचा फोन आला की घरातले आधी विचारतात, "जेवलास का?" आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "तिथे रुळलास का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. दुसऱ्याचे उत्तर देताना मूल क्षणभर थांबते. कारण रुळणे म्हणजे नेमके काय, हे त्यालाही ठाऊक नसते. तिथल्यासारखे बोलणे, खाणे, पेहराव करणे म्हणजे रुळणे? की आपल्या चार माणसांचा कोपरा धरून बाकीच्या जगापासून अंग चोरून राहणे?

आपल्याकडे 'देश तसा वेश' अशी म्हण आहे. ती वेशापुरते सांगते. वेशाच्या आत जो माणूस आहे त्याने परमुलखात कसे वागावे, हा प्रश्न उरतोच. आपल्यापैकी अनेकांची मुले आज बंगळुरू, दिल्ली किंवा परदेशात आहेत. कित्येक मराठी कुटुंबे तर पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर नांदत आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आज आपण सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या एका कोरियन विद्यार्थ्याच्या चरित्राचा अभ्यास करू.

शिकायला आलेला तरुण

त्याचे नाव आन चांग-हो. 1878 साली प्याँगयांगजवळच्या भागात एका साध्या कुटुंबात त्याचा जन्म झाला. सोळा-सतरा वर्षांचा असताना तो सोलला गेला आणि तेथील मिशनरी शाळेत शिकला. आपला देश दुबळा का झाला, याचा विचार त्याच्या मनात सतत चाले. लोक शिकल्याशिवाय देश उभा राहणार नाही, अशी त्याची खात्री झाली. अमेरिकेत जाऊन शिक्षणशास्त्राचा अभ्यास करायचा आणि परत येऊन शाळा काढायच्या, एवढा सरळ संकल्प त्याने केला होता.

1902 च्या ऑक्टोबरमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. वय 23 वर्षे. लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. पत्नी ई ह्ये-र्योन सोबत होती. असे सांगतात की प्रवासात अथांग समुद्रातून वर आलेले हवाई बेट पाहून त्याचे मन भरून आले आणि त्याने 'दोसान' हे नाव घेतले. दोसान म्हणजे बेटावरचा पर्वत. पुढे कोरियन लोक त्याला याच नावाने ओळखू लागले.

पण किनाऱ्यावर उतरल्यावर पर्वताला घरकाम करावे लागले. भाषा तोडकीमोडकी, हातात पैसा नाही. अमेरिकन कुटुंबांत झाडलोट आणि पडेल ते काम करीत तो इंग्रजीचे धडे गिरवू लागला. देशाचे भवितव्य घडवायला निघालेल्या विद्वानाच्या हाती झाडू आला. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे हाच झाडू त्याच्या कार्याचे साधन झाला.

रस्त्यावरचे भांडण

त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोत कोरियन माणसे मोजकीच होती. त्यातले काही जण जिनसेंग नावाचे औषधी मूळ चिनी वस्तीत फिरून विकत. एके दिवशी दोसान रस्त्याने जात असता त्याला गर्दी दिसली. जवळ जाऊन पाहतो तो दोन कोरियन फेरीवाले एकमेकांच्या डोक्यावरची केसांची गाठ धरून मारामारी करीत होते आणि भोवती जमलेले अमेरिकन लोक हसत होते. भांडणाचे कारण एवढेच की एकाने दुसऱ्याच्या भागात जाऊन माल विकला होता.

अशा वेळी आपण काय केले असते? प्रामाणिकपणे पाहू. बहुतेकांनी मान खाली घालून वाट बदलली असती. 'हे आमच्यातले नव्हेत' असे मनात म्हटले असते. थोडे शिकलेल्यांनी घरी येऊन आपल्या समाजावर टीका केली असती. दोसानलाही लाज वाटली. पण त्याने त्या लाजेचे जबाबदारीत रूपांतर केले. ही माणसे आपली आहेत, म्हणून त्यांची ही अवस्थाही आपली आहे, असे त्याने मानले. मित्रांशी विचार केला आणि ज्यासाठी समुद्र ओलांडला होता ते शिक्षण बाजूला ठेवले.

उपदेश नव्हे, झाडू

त्याने सभा भरवली नाही आणि भाषणही केले नाही. तो एकेका कोरियन माणसाच्या दारी गेला आणि त्याचे घर साफ करू लागला. अंगण झाडले, खिडक्या पुसल्या, पडदे लावले, फुलांच्या कुंड्या ठेवल्या. सुरुवातीला लोकांना शंका आली की याचा यात काय स्वार्थ असेल. काहींनी नकोही म्हटले. तो पुन्हा गेला. हळूहळू लोक आपले घर आपणच स्वच्छ ठेवू लागले, दाढी करून नीट कपड्यांत बाहेर पडू लागले, शेजाऱ्यांना त्रास होईल असा आरडाओरडा कमी झाला.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. दोसान केवळ स्वच्छतेवर थांबला नाही. भांडणाचे मूळ पोटाच्या प्रश्नात होते, हे त्याने ओळखले. म्हणून फेरीवाल्यांना एकत्र बसवून विक्रीचे भाग वाटून घ्यायला लावले. ज्याच्या पोटाची चिंता मिटत नाही त्याला शांत राहा असे सांगणे पोकळ असते. सेवेत मनाचा आणि पोटाचा विचार एकत्रच करावा लागतो. 1903 मध्ये या मोजक्या लोकांचे एक स्नेहमंडळ स्थापन झाले. 1905 मध्ये त्यातूनच परस्पर साहाय्यासाठी मोठी संस्था उभी राहिली.

संत्र्याच्या बागेतली शाळा

1904 मध्ये दोसान दक्षिण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे गेला. हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख. हवाईच्या उसाच्या मळ्यांत 1903 पासून हजारो कोरियन मजूर आले होते. त्यातले काही आता मुख्य भूमीवर येऊ लागले होते. रिव्हरसाइडला रेल्वेमार्गाजवळ, पूर्वी चिनी मजुरांसाठी बांधलेल्या लाकडी झोपड्यांत त्यांची वस्ती झाली. तिला पचापा कॅम्प म्हणत. घरात नळ नव्हता, वीज नव्हती. पण तिथे प्रार्थना होत, इंग्रजीचे वर्ग चालत, आणि दारू-जुगारापासून दूर राहण्याचा आग्रह असे.

दोसान स्वतः संत्री तोडायला जाई. ज्यांनी संत्र्याची बाग पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की फळ ओढून तोडले तर साल फाटते आणि देठ लांब राहिला तर तो पेटीतल्या दुसऱ्या फळाला टोचतो. असे एक फळ सडले की शेजारची फळेही जातात. म्हणून कात्रीने देठ अगदी जवळून, पण सालीला धक्का न लावता कापावा लागतो. दिवसभर उन्हात शिडीवर उभ्या असलेल्या मजुराला 'एका फळाने काय होते' असे वाटणे स्वाभाविक आहे. दोसान आपल्या सोबत्यांना समजावीत असे की मालकाच्या बागेतले एक संत्रेही मन लावून तोडणे हीच आपली देशसेवा आहे.

विचार करा. देश हजारो मैल दूर. तिथे परक्यांची सत्ता येऊ घातलेली. आणि हा माणूस म्हणतो की फळ नीट तोडा! यात भाबडेपणा नव्हता. जो माणूस कोणी पाहत नसताना फळाशी प्रामाणिक राहतो, तोच उद्या स्वतंत्र देशाचा कारभार प्रामाणिकपणे करू शकेल, हे त्याला कळले होते. चारित्र्य मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवता येत नाही. ते रोजच्या लहान कामातच घडते किंवा बिघडते.

चांगले वागूनही अपमान झाला तर?

आता एक कठीण प्रश्न. आपण नीट वागलो की लोक आपला आदर करतीलच, असा यातून अर्थ काढायचा का? नाही. 1913 च्या उन्हाळ्यात कोरियन मजूर जवळच्याच हेमेट गावी फळे तोडायला गेले, तेव्हा जमावाने त्यांना जपानी समजून हाकलून दिले. त्यांची काही चूक नव्हती. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला होता. म्हणून जपानी वकिलात या 'प्रजाजनांना' भरपाई मिळवून द्यायला पुढे आली.

कोरियन लोकांनी ती मदत नाकारली. त्यांच्या संघटनेने थेट अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना कळवले की आम्ही जपानचे प्रजाजन नाही, आमच्याविषयी आमच्याशीच बोला. अमेरिकन सरकारने ते मान्य केले. झाडू आणि कात्री हाती धरून जी शिस्त अंगी बाणली होती, तिनेच हा ताठ कणा दिला. भरपाईचे पैसे समोर असताना नाही म्हणता येणे, हे एका दिवसात साधत नाही.

म्हणून सदाचरण हे दुसऱ्याकडून आदर मिळवण्याचे भाडे समजू नये. आदर मिळाला नाही तर असे आचरण लगेच सुटते. जे आपल्या अंतरंगासाठी केले जाते तेच अपमानातही टिकते.

संकल्पाची किंमत

दोसान 1907 मध्ये मायदेशी परतला आणि पुढच्या वर्षी प्याँगयांगमध्ये त्याने शाळा काढली. स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या विद्यार्थ्याने इतरांसाठी शाळेचे दार उघडले. देश गेल्यावर तो पुन्हा अमेरिकेत आला आणि 1913 मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत 'हुंगसादान' ही संस्था स्थापन केली. सत्यनिष्ठा, कृतिशीलता, निष्ठा आणि धैर्य ही तिची चार तत्त्वे. 1919 नंतर शांघायमधील हंगामी कोरियन सरकारात त्याने जबाबदारी घेतली. 1932 मध्ये तिथेच तो पकडला गेला. तुरुंगवासाने शरीर खचले आणि 10 मार्च 1938 रोजी सोलमध्ये त्याचे निधन झाले. स्वतंत्र कोरिया त्याला पाहता आला नाही.

याची किंमत घरानेही मोजली, हे विसरता कामा नये. 1926 मध्ये तो अमेरिकेतून गेला तो परतलाच नाही. त्यानंतर जन्मलेल्या धाकट्या मुलाला वडील कधी दिसले नाहीत. ह्ये-र्योन यांनी कष्ट करून पाचही मुलांना वाढवले. मुलांनी उत्तम अमेरिकन नागरिक व्हावे आणि आपण कोरियन आहोत हेही विसरू नये, हीच घरची शिकवण होती. थोरला मुलगा फिलिप हॉलिवूडमध्ये नट झाला, तर मुलगी सुझन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात अधिकारी झाली. दोसानचे चरित्र वाचताना या माउलीला आधी नमस्कार केला पाहिजे.

आज रिव्हरसाइडच्या मुख्य रस्त्यावर दोसानचा पुतळा उभा आहे. त्याच रस्त्यावर महात्मा गांधींचाही पुतळा आहे. दोघांच्या हाती झाडू शोभला असता.

आपल्यासाठी अभ्यास

या आठवड्यात कुटुंबात किंवा सत्संगात बसून पुढील गोष्टींवर चिंतन करावे.

1. आपल्या समाजातील कोणाचे वागणे पाहून आपल्याला लाज वाटली, असा एक प्रसंग आठवा. आपण वाट बदलली की त्याच्या दारी गेलो?

2. आपल्या रोजच्या कामातले 'संत्रे' कोणते? जे कोणी तपासत नाही, असे एक काम निवडा आणि सात दिवस ते मन लावून करा.

3. आपल्या सेवेचा भार घरातील कोण मुकाट्याने उचलत आहे? त्या व्यक्तीजवळ आज बसा, तिचे ऐका आणि तिचा थोडा भार हलका करा.

आणि दूर गेलेल्या मुलाचा पुढचा फोन येईल तेव्हा 'रुळलास का?' याबरोबर आणखी एक विचारा : "तुझ्या शेजारी राहणाऱ्याला तुझा काही उपयोग होतो का रे?" त्याचे उत्तर 'हो' आले, तर तो कुठेही असो, निश्चिंत असा. तो रुळला आहे.