मोटारीच्या ओळखपट्ट्या व तिची विजेची मांडणी

जुनी मोटार विकत घेणारा शेतकरी बहुधा रंग, टायर आणि इंजिनाचा आवाज एवढें पाहून इसार देतो. तोच शेतकरी दहा गुंठे जमीन घ्यावयाची झाल्यास सात-बाराचा उतारा, फेरफार, चतुःसीमा आणि बोजा पाहिल्यावांचून सही करीत नाहीं. मोटारीसही तिचा सात-बारा असतो. तो कांहीं कागदावर व कांहीं लोखंडावर लिहिलेला असतो, आणि दोहोंचा मेळ बसला नाहीं तर पैसा जातो व गाडीही जप्त होते. शिवाय गाडीच्या विजेच्या दुरुस्तीचें कामही ह्याच ओळखीवर बरेंचसें अवलंबून असल्यामुळें दोन्ही विषय येथें एकत्र घेतले आहेत.

पुढें-मागें लावलेली नंबरपट्टी ही गाडीची मूळ ओळख नव्हे. तो नोंदणीक्रमांक होय. गाडी कायमची दुसऱ्या राज्यांत नेली कीं तो बदलतो. न बदलणारा क्रमांक म्हणजे चौकटीवर ठोकलेला चेसिस नंबर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२२ व्या नियमाप्रमाणें चेसिस व इंजिन ह्यांचे क्रमांक आणि गाडी बनल्याची तारीख कारखानदारानें धातूवर उमटविलीच पाहिजे. हा क्रमांक लहान गाड्यांत बोनेटखालील आडव्या पत्र्यावर किंवा पुढच्या आसनाखालीं, आणि मालवाहू गाड्यांत बहुधा उजव्या बाजूच्या लांब तुळईवर सांपडतो.

हल्लींच्या गाड्यांत हा क्रमांक सतरा स्थानांचा असतो. आय, ओ व क्यू हीं इंग्रजी अक्षरें त्यांत कधींच येत नाहींत, कारण एक व शून्य ह्या अंकांशीं त्यांचा घोटाळा होतो. म्हणून कारकुनानें कागदावर 'ओ' लिहिला असेल तर तेथें शून्यच समजावें. पहिलीं तीन स्थानें कारखान्याचीं: एम ए टी म्हणजे टाटा, एम ए १ म्हणजे महिंद्र, एम ए ३ म्हणजे मारुति सुझुकी. पुढील सहा स्थानांत गाडीच्या प्रकाराचें वर्णन, व शेवटच्या आठांत त्या एकाच गाडीची खूण. वर्षासाठीं बहुधा एक अक्षर योजिलेलें असतें. के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०, एम म्हणजे २०२१ अशी चाल आहे. परंतु तें दहाव्याच स्थानीं असेल असें नाहीं, प्रत्येक कारखान्याची रीत निराळी. फार जुन्या जीपगाड्यांचा क्रमांक सतराहून आंखूड आढळतो; तेवढ्यानें ती गाडी खोटी ठरत नाहीं.

क्रमांक नुसता वाचूं नये. फडक्यानें चिखल व तेल पुसून त्यावर पातळ कागद धरावा व शिसपेन्सिलीनें घासून छाप घ्यावा. परिवहन कचेरींतही असा छाप मागतात. अक्षरें एका ओळींत व सारख्या खोलीचीं आहेत काय, भोंवतालचा पत्रा कानशीनें घासलेला किंवा तेवढाच नव्यानें रंगविलेला आहे काय, जवळ वेल्डिंगची शिवण आहे काय, हें छापांत डोळ्यांपेक्षां चांगलें कळतें. मग तो छाप नोंदणीपुस्तकाशीं एकेक अक्षर बोट ठेवून ताडावा. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांस कारखान्यांतूनच सुरक्षित नंबरपट्टी मिळते. तिच्या डाव्या बाजूस खालीं लेसरनें कोरलेला वेगळा क्रमांक असतो, व ती न मोडतां काढतां येत नाहीं.

नोंदणीपुस्तकांत 'हायपोथिकेशन' ह्या सदराखालीं बँकेचें नांव असेल तर तो बोजा समजावा. विक्रेता "कर्ज केव्हांच फिटलें" म्हणतो, आणि तें खरेंही असेल. पण बँकेच्या सहीचा नमुना ३५ व ना-हरकत पत्र हातीं आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊं नये. मालकी बदलल्याची सूचना, गाडी राज्यांतच असल्यास, देणारानें चौदा दिवसांत व घेणारानें तीस दिवसांत द्यावी असें मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५० व्या कलमांत आहे. ह्यांत गाडी विकणाराचेंही हित आहे. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणींत ज्याचें नांव त्याच्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे.

दाराच्या खांबावर हवेच्या दाबाची एक चिठ्ठी असते. ओझें वाहतांना तीच पाहावी, पंक्चरवाल्याचा अदमास नको. टायरच्या कुशीवरील शेवटचे चार अंक म्हणजे बनल्याचा आठवडा व वर्ष: ३२२१ असेल तर २०२१ चा बत्तिसावा आठवडा.

आतां विजेकडे वळूं. एकाच नांवाच्या व एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत अल्टरनेटर, तारांचा जुडगा किंवा फ्यूजची पेटी निराळी असूं शकते. माझ्या परिचयाच्या एका बागाईतदारानें केवळ वर्ष सांगून अल्टरनेटर आणविला. तो बसला, पण त्याचा तारजोड जुळेना, आणि द्राक्षांच्या ऐन तोडणींत गाडी चार दिवस उभी राहिली. भाग मागवितांना चेसिस नंबर सांगावा, म्हणजे विक्रेत्यास नेमका भाग पाहतां येतो.

बॅटरींत सुमारें दोन व्होल्टचीं सहा घरें, मिळून बारा व्होल्ट. विश्रांतींत असतांना १२.६ च्या आसपास भरली म्हणजे ती पूर्ण भरलेली. १२ वर आली तर फार उतरलेली जाणावी. इंजिन चालू असतां तोच आंकडा १३.८ ते १४.४ असावा, कारण तेव्हां अल्टरनेटर तिला भरीत असतो. किल्ली फिरवितांच तांबडा बॅटरी-दिवा लागावा व इंजिन सुरू होतांच विझावा. धांवतांना तो पेटला तर पट्टा तुटल्याचा संशय धरून लगेच थांबावें. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो, आणि इंजिन तापून बसतें. बॅटरीवरील 'ए एच' हा आंकडा म्हणजे तिची कोठी. चाळीस असेल तर दोन अँपिअर प्रमाणें वीस तास. पुढचे दोन दिवे ५५ वॅटचे धरल्यास ११० भागिले १२, म्हणजे नऊ अँपिअरांहून अधिक खर्च. रात्रीं विसरून राहिलेले दिवे चार तासांत ती कोठी रिकामी करतात.

विजेचा परतीचा मार्ग तार नसून गाडीचें अंगच आहे. बॅटरीचें ऋण टोंक चौकटीला जोडलेलें असतें. म्हणून मागचे दिवे मंद झाले, किंवा वळणाचा दिवा लावतांच दुसराच दिवा मिचकूं लागला, तर बल्ब बदलण्यापूर्वीं चौकटीवरचा तो स्क्रू काढून गंज खरवडावा. खत व ऊंस वाहणाऱ्या गाड्यांत निम्मे दोष येथेंच सांपडतात, असें माझें मत आहे.

फ्यूज हा दिव्याच्या नव्हे, तर तारेच्या रक्षणासाठीं असतो. तांबडा दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. दहाचा जळाला म्हणून तिसाचा घालणें किंवा तारेचा तुकडा गुंडाळणें म्हणजे त्या बारीक तारेलाच फ्यूज करणें होय. ती जळते तेव्हां तिच्या भोंवतीं गादी, तेल व कडब्याचे कण असतात. पेटीच्या झांकणावरील चिठ्ठींत कोणता फ्यूज कशाचा हें लिहिलेलें असतें. उंदरांनीं तारा कुरतडल्या असल्या तरी पहिली खूण फ्यूज जळण्याचीच. रिले व तारजोडांवरील अंकांसही अर्थ आहे: ३० म्हणजे थेट बॅटरीकडून, १५ म्हणजे किल्लींतून, ३१ म्हणजे चौकट, ५० म्हणजे स्टार्टर. नारिंगी आवरणाच्या जाड तारा विजेवरच्या गाड्यांत असतात. त्यांत जीवघेणा दाब असल्यामुळें गांवच्या मिस्त्र्यानें त्यांस हात लावूं नये.

बॅटरी सोडतांना ऋण टोंक आधीं, बसवितांना तें शेवटीं. कारण धन टोंकाचा पाना चुकून पत्र्यास लागला तरी ऋण सुटलेलें असल्यास ठिणगी पडत नाहीं. गाडीवर आंकडा किंवा फाळका वेल्डिंग करावयाचा असल्यासही तें आधीं सोडावें. शेजाऱ्याच्या गाडीवरून चालना घेतांना धनास धन जोडावें, मग चांगल्या बॅटरीचें ऋण टोंक जोडावें, व त्याच तारेचें दुसरें टोंक उतरलेल्या बॅटरीस न लावतां तिच्यापासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूस लावावें. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. शेवटच्या जोडाची ठिणगी त्याच्याजवळ पडतां कामा नये.