रुळांचं माप जुळलं, तरी इंजिन का चालेना?

प्रश्न : भावाने जर्मनीहून मेर्कलिनचं एचओ मापाचं ‘०१’ वाफेचं इंजिन आणलं. माझ्याकडच्या दोन रुळांच्या ट्रॅकवर ते ठेवताच पॉवर पॅक बंद पडतो. रुळांमधलं अंतर तर तेच आहे. इंजिन बिघडलंय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काळजी करू नका, बहुधा इंजिन ठणठणीत आहे. रुळांमधलं 16.5 मिमी अंतर दोन्हीकडे सारखंच असतं. फरक विजेच्या वाटेत आहे. तुमच्या ट्रॅकवर वीज एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून परतते. मेर्कलिनमध्ये ती मधल्या बारीक खुंट्यांवरून, इंजिनाच्या पोटाखालच्या पट्टीतून येते आणि दोन्ही रुळांतून परतते. त्यामुळे त्याची दोन्ही बाजूंची चाकं आतून जोडलेली असतात. तुमच्या रुळांवर ती टेकली की शॉर्टसर्किट होतं. पुन्हा पुन्हा प्रयोग करू नका.

पर्याय दोन. मेर्कलिनच्याच ट्रॅकचा छोटा गोल आणि त्याला चालणारा कंट्रोलर घ्या, किंवा हे इंजिन बदलून ट्रिक्स या त्यांच्याच भावंड ब्रँडचं दोन रुळांवर चालणारं इंजिन मिळतं का पाहा. चाकं बदलून घेणं शक्य असलं, तरी ते खर्चिक आणि कारागिराचं काम आहे.

220 व्होल्टचा जुना ट्रान्सफॉर्मर स्वस्तात मिळाला तरी वापरू नका; दिशा बदलताना त्याचा जादा दाब इंजिनातले इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकतो.

1926 पासून जर्मन रेल्वेच्या जलद गाड्या ओढणाऱ्या इंजिनांची ही प्रतिकृती आहे. योग्य ट्रॅक मिळेपर्यंत ती कपाटात दिमाखात ठेवा.