पुढं नवखा, मागं लीडर

शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून बस भरून निघते, पहाटे पायथ्याच्या गावात पोहे होतात आणि पस्तीस माणसांची रांग जंगलात शिरते. सगळ्यात पुढं लीडर, त्याच्यामागं बाकीचे, आणि प्रत्येकाचे डोळे पुढच्याच्या बुटांवर. संध्याकाळी रांग सुखरूप खाली उतरते. त्यातल्या कुणालाही विचारून बघा, खिंडीतून वर आल्यावर आपण डावीकडं वळलो की उजवीकडं? बहुतेकांना सांगता येत नाही. पाच-पाच वर्षं सह्याद्रीत फिरलेल्यांनाही येत नाही, आणि दोष त्यांचा नाही. ज्याला कधी पुढं चालूच दिलं नाही, तो वाट काढायला शिकणार कुठून?

म्हणून शिकवायचं ठरवलं की लीडरनं आधी रांगेत मागं जावं. नवख्याला पुढं घालावं, त्याच्या हातात नकाशा द्यावा आणि थोड्या थोड्या वेळानं एकच प्रश्न विचारावा : आता पुढं काय येणार? ‘डावीकडून ओढा येईल, तो ओलांडला की चढ लागेल,’ असं नेमकं उत्तर हवं. ओढा आला नाही तर लीडरनं गप्प राहावं. जवळपास कडा नसेल तर शंभर-दोनशे मीटर चुकीचं चालू द्यावं. लीडरला हे फार जड जातं, जीभ वळवळत राहते. पण ‘ओढा यायला हवा होता, आला नाही’ हे ज्याचं त्याला उमगलं आणि तो आपणहून मागं फिरला, की त्या दिवसाचं शिक्षण झालं. होकायंत्र, जीपीएस, टोपोशीट ही सगळी साधनं या एका सवयीच्या मदतीला आहेत. पुढची जमीन आधी मनात बघायची आणि मग पायाखाली ताडून बघायची, ही ती सवय.

स्वीडन-नॉर्वेत या सवयीचाच खेळ झाला. ओरिएंटीअरिंगची पहिली सार्वजनिक स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी आजच्या ऑस्लोजवळ झाली. नकाशावर खुणा केलेल्या जागा ठरलेल्या क्रमानं शोधायच्या. प्रत्येक जागी पांढरं-केशरी निशाण टांगलेलं असतं. मधली वाट ज्यानं त्यानं ठरवायची. या खेळाचे नकाशे १:१५,००० किंवा १:१०,००० प्रमाणाचे असतात. पळता येईल असं मोकळं जंगल त्यात पांढरं दाखवतात आणि झाडी दाट होत जाईल तसा हिरवा रंग गडद होतो. आपल्याला इतकी चैन नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ओपन सिरीज नकाशा १:५०,००० चा, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. विभागाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून तो उतरवून घेता येतो. छापताना मात्र ‘फिट टू पेज’ बंद करायला विसरू नका, नाहीतर प्रमाण बदलतं आणि पट्टीनं मोजलेलं अंतर खोटं ठरतं.

पहिला रविवार जंगलात घालवू नये. पुणेकरांना वेताळ टेकडी उत्तम : उघडा माथा, वेताळबाबाचं देऊळ, दगडाची जुनी खाण, उतारांवर ग्लिरिसिडियाची झाडी आणि चहूबाजूंना ओळखीचं शहर. त्या दिवशी होकायंत्र पिशवीतच ठेवा. नकाशा जमिनीशी जुळवून धरायला शिकवा. समोर खाण असेल तर नकाशातली खाणही आपल्या समोरच्या बाजूला यायला हवी, मग अक्षरं उलटी दिसली तरी चालतील. अक्षरं सरळ वाचण्यासाठी नकाशा फिरवायचा मोह प्रत्येक नवख्याला होतो. वळण घेतलं की नकाशाही हातात फिरला पाहिजे. आणि अंगठा सतत आपण आहोत त्या जागी. चाललो की अंगठाही सरकतो. दहा मिनिटं अंगठा हलला नाही, तर नवखा पुन्हा बुटांकडं बघून चालायला लागला आहे असं समजावं.

त्याच टेकडीवर पावलंही मोजून घ्यावीत. शंभर मीटरची दोरी टाकून फक्त उजवं पाऊल मोजत चालायचं. सपाटीवर मोठ्या माणसाचा आकडा साधारण साठ ते सत्तर येतो. चढावर तो वाढतो, झाडीत आणखी. ज्याचा त्याचा आकडा ज्यानं त्यानं नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

पुढच्या वेळी समोच्चरेषा. या नकाशात त्या वीस-वीस मीटरवर असतात आणि दर पाचवी रेषा जाड असते. उताराकडं फुगलेल्या रेषा म्हणजे सोंड, चढाकडं टोक गेलेल्या रेषा म्हणजे घळ. एवढं तासाभरात समजतं. सह्याद्रीत खरा धडा पुढं आहे. आपला डोंगर बेसॉल्टच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, विरळ झाल्या की पदर किंवा पठार, पुन्हा चिकटल्या की वरचा कडा. पण पंधरा मीटरचा सरळसोट कातळ वीस मीटरच्या दोन रेषांमध्ये अलगद लपतो. नकाशात साधा उतार दिसतो आणि समोर चार-पाच मजली भिंत उभी राहते. त्यामुळं ‘नकाशात उतार आहे, उतरून जाऊ’ हे वाक्य सह्याद्रीत कुणी उच्चारलं की लीडरनं मौन सोडावं.

माणसं सर्वांत जास्त चुकतात ती या पदरातल्या रानात. खालचा चढ संपतो, झाडी दाटते, वरचा कडा दिसेनासा होतो. जमीन सपाट, म्हणून उताराचाही आधार नाही, आणि ढोरवाटा सगळीकडं फुटलेल्या. पावसाळ्याच्या अखेरीस त्यात डोक्याच्या वर गेलेली कारवी. लोक सांगतात, तिथं चकवा लागतो. ते सांगणं उडवून लावू नये. यान सौमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना जर्मनीतल्या मोठ्या, सपाट जंगलात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर ती सरळ गेली. ढगाळ दिवशी गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडून गेली, आणि ते त्यांना कळलंही नाही. आपल्या पदरात धुकं उतरल्यावर वेगळं काय होणार?

इथं होकायंत्र काढायचं. तळपट्टीची कड आपल्या जागेपासून जायच्या जागेकडं लावा, चकतीवरच्या रेषा नकाशाच्या उत्तरेला समांतर करा, मग होकायंत्र छातीशी धरून सुई तिच्या खाचेत बसेपर्यंत स्वतः फिरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळं ती आकडेमोड नवख्यांच्या डोक्यात घालू नये. मोबाइल आणि लोखंडी काठी लांब ठेवा. होकायंत्र कातळावर टेकवून वाचू नका, आपल्या दगडातच मॅग्नेटाइट आहे.

पदरातून समजा वरच्या कड्यातल्या नाळेच्या तोंडाशी जायचं आहे. नेम थेट नाळेवर धरला आणि कड्याशी पोचल्यावर नाळ दिसली नाही, तर ती डावीकडं राहिली की उजवीकडं, हे कसं कळणार? म्हणून नेम मुद्दाम शंभर-दीडशे मीटर डावीकडं धरायचा. कडा लागला की खुशाल उजवीकडं वळायचं आणि कड्याच्या पायथ्यानं नाळेपर्यंत जायचं. हा डाव एकदा स्वतः खेळून बघितलेला नवखा तो पुढच्या दहा जणांना शिकवतो. त्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीचा कोरडा काळ घ्यावा. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय वाट सोडून सराव करायचा नाही.

वेळेचा हिशेबही नवख्याकडूनच मांडून घ्या. विल्यम नेस्मिथनं १८९२ मध्ये दिलेला नियम सोपा आहे : पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाईला आणखी एक. नव्या गटासाठी मी त्यात निम्मी भर घालतो.

गावात वाट विचारायचीही रीत असते. ‘मामा, ही वाट गडावर जाते का?’ याला उत्तर बहुधा ‘जाते की’ असंच येतं. त्याऐवजी ‘गडावर कुठून जायचं?’ असं विचारून थांबावं. मामा उगवतीची सोंड, वरच्या अंगाचा आंबा, पाण्याचं टाकं असं सगळं सांगतात. नवख्यानं ते तिथंच नकाशावर टिपून घ्यावं. मोबाइलमधला ट्रॅक जवळ असावाच, पण ज्यानं तो टाकला त्याचं चुकणंही त्यात रेघ होऊन बसलेलं असतं. कड्याखाली आणि दाट झाडीत जीपीएसही बरंच हलतं.

तरीही चुकलात तर बसा, पाणी प्या, शेवटची खात्रीची जागा आठवा आणि तिथवर मागं जा. ओढ्यानं खाली उतरलं की गाव लागतं, हा सल्ला कुठल्याही सपाट मुलखात चालेल, सह्याद्रीत नाही. इथला ओढा कड्यावरून धबधबा होऊन पडतो आणि वरून उतरणाऱ्याला निसरड्या कातळावर ते फार उशिरा कळतं. अडकलातच तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, आणि रेंज असेल तिथून ११२.

परतीची वाट दिवसभर सगळ्यात कमी बोललेल्या माणसाकडं द्यावी. जाताना प्रत्येक फाट्यावर मागं वळून बघायला लावलं असेल तर त्याला ती जमते, कारण उलट्या दिशेनं तेच रान निराळं दिसतं. कडा समोर आला किंवा अंधार पडायला लागला, तरच लीडरनं नकाशा परत मागावा. बसची वेळ झाली म्हणून मागू नये. बसवाल्याला आधीच तासभर उशिराची वेळ सांगून ठेवावी.