उणे साठ

मांडवी, वडोदरा

चि. बंटीस,


काल तुझा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, म्हणून नीट बोललो नाही. शिवाय फोनवर तू माझं ऐकत नाहीस. मध्येच "हो मामा, कळलं मामा" करतोस आणि तुला काही कळलेलं नसतं. म्हणून हे कागदावर लिहितोय. फोटो काढून पाठवीन, पण कागद जपून ठेवीन. दिवाळीला आलास की हातात देईन.

तुझी तक्रार मला समजली ती अशी. मे महिन्यात तू इथे होतास तेव्हा आपण ग्राफिक्स कार्डाच्या वेगाचा स्लायडर उणे साठ मेगाहर्ट्झवर ठेवला. तू पुण्याला गेलास, विंडोज नव्याने टाकलंस, वेग बदलायचं ते आफ्टरबर्नर सॉफ्टवेअर पुन्हा उतरवलंस, रीसेटचं बटण दाबलंस आणि स्लायडर शून्यावर आणून ठेवलास. आठवड्याभरात रेंडर पुन्हा मधेच मरायला लागलं. आणि वर मलाच विचारतोस, "शून्यावर आहे म्हणजे ओव्हरक्लॉक नाहीच ना?"

आहे. सगळा घोळ तिथेच आहे.

ते शून्य कोणाचं, हे तू विचारलंच नाहीस. चिप करणारी कंपनी एक, कार्ड करणारी दुसरी. एनव्हिडिया चिप करते आणि तिचा वेग ठरवून देते. तुझ्या आरटीएक्स ३०६० ला तो आकडा आहे १७७७ मेगाहर्ट्झ, बूस्टचा. मग कार्डवाले त्यावर आपले पंखे, आपलं पत्र्याचं कवच चढवतात, वेग थोडा ताणतात आणि खोक्यावर 'ओसी', म्हणजे ओव्हरक्लॉक, ही दोन अक्षरं छापतात. तुझं कार्ड १८३७ चं आहे. म्हणजे तू हात लावायच्या आधीच कोणीतरी कारखान्यात ६० चढवून ठेवलेले आहेत, आणि आफ्टरबर्नर उघडलं की ते त्या १८३७ लाच शून्य म्हणतं. रीसेट केलंस म्हणजे तू ओव्हरक्लॉक काढलं नाहीस, परत घातलंस.

इथे चौकात सोनारांची दुकानं आहेत, तुला माहीत आहे. पूर्वीचे म्हातारे गिऱ्हाईक तराजूत काही टाकायच्या आधी रिकाम्या पारड्यांची अदलाबदल करायला लावत. काटा मध्यावर दिसतो, पण एका पारड्याखाली मेणाची गोळी असली तर? त्याला पासंग म्हणतात. तुझ्या शून्यात साठचा पासंग आहे. फरक एवढाच की इथे लबाडी नाही, खोक्यावर छापून सांगितलेलं आहे. आपण वाचत नाही.

आता साठने असं काय मोठं बिघडतं? नव्या कार्डात बहुधा काहीच नाही. कारखान्यात चाचणी होते आणि चिपच्या अंगात तेवढं असतं. पण तुझं कार्ड नवं नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची खोदाई बंद झाली, तेव्हा त्या कामात रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातलंच एक पुढच्या वर्षी तू स्वस्तात उचललंस. तेव्हा मी काही बोललो नव्हतो, आताही बोलत नाही. पण ते आधीच कुणाकडे तरी खूप घासलेलं आहे हे धरून चाल.

१८०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १८० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधल्या वेळात उजेडसुद्धा पुरती वीतभर जात नाही, सतराएक सेंटिमीटर जातो. तेवढ्यात चिपमधल्या संदेशाने आपलं काम उरकून पुढच्या दारात उभं राहायचं असतं. चिप तापली की तो रेंगाळतो, चिप जुनी झाली की आणखी रेंगाळतो. जुन्या चिपला तेवढ्याच वेगाला जास्त व्होल्टेज लागतं, आणि व्होल्टेज वाढवलं तर उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पोचायला उशीर झाला की चुकीचं उत्तर पुढे जातं. बहुतेक वेळा नुसता एखादा ठिपका चुकतो. कधीतरी सगळं कार्ड गप्प होतं. विंडोज २ सेकंद वाट बघतं आणि ड्रायव्हरला धरून पुन्हा उभं करतं. तुझा पडदा काळा होऊन परत येतो तो हाच प्रकार. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ नंबरची नोंद आपण दोघांनी बघितली होती.

मेमधली ती रात्र आठव. वरच्या खोलीत पत्रा तापलेला, बाहेर दिवसा बेचाळीसच्या वर, आणि तुझं तीनशे फ्रेमचं रेंडर २१२ वर मेलं. तू ड्रायव्हर तीनदा टाकलास. दुसऱ्या रात्री ५७ वर मेलं, तिसऱ्या रात्री १४० वर. मी तेव्हा फ्रेमचे आकडे वहीत का लिहून घेत होतो, हे तू विचारलं नाहीस. दरवेळी त्याच फ्रेमवर मेलं असतं तर मी तुझ्या सीनवर संशय घेतला असता. जागा बदलते म्हणजे खोट यंत्रात आहे.

मग आपण कॅबिनेटचं झाकण काढलं आणि कार्डाच्या डाव्या पंख्यात कबुतराचं पीस निघालं! मांडवीत कबुतरांना काय तोटा. खालच्या बाजूला राखाडी लोकरीसारखा धुळीचा थर. ब्लोअरने साफ केलं, तापमान ८४ वरून ७६ वर आलं, आणि तू मला म्हणालास, "झालं मामा, सापडलं!" तुझ्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मलाही वाटलं सापडलं. पहाटे चारला पुन्हा मेलं. मगच आपण स्लायडरला हात लावला. उणे साठ, रात्रभर चाललं. उणे तीस, दोन तासांत मेलं. पुन्हा उणे साठ, पुन्हा रात्रभर. वहीत आहे सगळं. आता पुण्यात पावसाचा गारवा असताना शून्यावर मेलं, तेव्हा उन्हाच्या नावावरही बिल फाडता येत नाही.

तुला नेटवर कोणीतरी रजिस्ट्रीत जाऊन ते २ सेकंदांचे ६० सेकंद करायला सांगितलं म्हणालास. फार मोठ्या गणनांना तो उपाय लागतो, नाही असं नाही. पण जिथे कार्डच अडखळतंय तिथे विंडोजला जास्त वेळ थांबायला लावून काय मिळणार? आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचं सोडून दाराशी ताटकळत उभं राहण्यासारखं आहे ते. करू नकोस.

आता कृती. ही मात्र फोटो मोठा करून वाच.

जीपीयू-झेड उघड. डीफॉल्ट क्लॉकच्या ओळीत बूस्टचा आकडा दिसेल, तो लिहून घे. मग चिपचा मूळ आकडा एनव्हिडियाच्या पानावरून घे, कार्ड कंपनीच्या पानावरून नव्हे. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तुझा पासंग. आफ्टरबर्नरमध्ये कोअर क्लॉकला तेवढा आकडा उणे टाक आणि लागू कर. मेमरीच्या स्लायडरला हात लावू नकोस, व्होल्टेजला तर नाहीच. ही चिप साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी चढते-उतरते, तेव्हा उणे साठ म्हणजे चार पायऱ्या खाली. चालू कामात तुला १७७७ दिसणार नाही, १९०० च्या आसपास दिसेल. घाबरून मला फोन करू नकोस. गारवा आणि वीज पुरेशी असली तर कार्ड आपणहून छापील आकड्याच्या वर जातं. आपण तो सगळा जिनाच चार पायऱ्या खाली सरकवलाय.

एक रात्र पूर्ण रेंडर होऊ दे. मगच ते पहिल्या प्रोफाइलमध्ये साठव आणि विंडोज सुरू होताना लागू होण्याची खूण कर. आधी करू नकोस. घाईत एखादा चुकीचा आकडा टाकलास तर तो दर वेळी चालू होताना आपोआप मानेवर बसेल. आणि विंडोज पुन्हा टाकशील तेव्हा हे सगळं पुसलं जाणार आहे. या वेळी तेच झालं.

नुसती खात्री करायची असेल तर आणखी सोपं आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या हेल्प मेनूत डीबग मोड म्हणून एक ओळ आहे. ती निवडली की कारखान्यात ताणलेलं कार्ड मूळ वेगावर येतं. संशयाला तेवढी चाचणी पुरते. तुझ्या रूममेटकडे एएमडीचं कार्ड आहे म्हणालास. त्याला अ‍ॅड्रेनलिनच्या ट्यूनिंगमध्ये कमाल वेग कमी करता येतो. बायोस बदलायच्या नादी दोघांपैकी कोणीही लागू नका.

उणे साठवरही मेलं तर उणे नव्वद, मग उणे एकशेवीस. उणे दीडशेवरही मेलं तर ओव्हरक्लॉकला दोष देणं थांबव आणि एसएमपीएसकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडे बघ. पण काहीही कर, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव. तू एका संध्याकाळी ड्रायव्हर, रॅमची जागा आणि वायर अशा तिन्ही गोष्टी बदलतोस, मग बरं झालं तरी कशाने झालं हे तुला सांगता येत नाही.

आता तुझा खरा राग. "पैसे मी ओसीचे दिलेत, मग कमी का चालवू?"

हा राग वॉरंटीतल्या कार्डाला शोभतो, आणि तिथे मी तुझ्या बाजूने भांडेन. खोक्यावर १८३७ लिहिलं असेल तर १८३७ वर चाललंच पाहिजे. चालत नसेल तर ते सदोष आहे, बदलून मागायचं. तिथे मुकाट्याने उणे साठ करून बसणं हा मूर्खपणा आहे. पण तुझ्याकडे बिल नाही, मुदत नाही, आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलंय. मग हिशेब कर. ६० म्हणजे सव्वातीन टक्के. सहा तासांच्या रेंडरला फार तर बारा मिनिटं जास्त. आणि २१२ वर मेलेलं सकाळी उठून बघायचं, त्याचे किती तास?

मला हे सुचतं याचं कारण माझा आयुष्यभराचा धंदा. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं पोरांना ड्रिल चालवायला शिकवलं. साध्या पोलादाला कापण्याचा वेग मिनिटाला साधारण ३० मीटर, म्हणजे १० मिलिमीटरच्या ड्रिलला साडेनऊशेच्या आसपास फेरे. तक्ता भिंतीवर लावलेला असे. तरी दर वर्षी एक शूर वीर पट्टा वरच्या कप्पीवर चढवायचाच. ड्रिलचं टोक निळं पडायचं, आणि निळं पडलेलं टोक परत धार लावल्याशिवाय कापत नाही. तो धार लावत बसे तोवर बाकीचे जॉब जमा करून न्यायमंदिराकडे सेव-उसळ खायला गेलेले असत.

मी स्वतः फार शहाणा होतो असं समजू नकोस. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला होता, ३०० मेगाहर्ट्झचा. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ चा १०० केला की तोच ४५० ने धावायचा. मीही केलं. दिवाळीत आणि उत्तरायणात छान पळाला, मित्रांना घरी बोलावून दाखवला. मे महिन्यात तुझ्या आजोबांची हिशेबाची फाइल उघडी असताना गोठला. फाइल गेली. दोष चिपचा नव्हता, ती बिचारी ३०० चीच होती. आजोबा काही बोलले नाहीत, नुसती जुनी चोपडी काढून पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसले. ते मला अजून आठवतं.

तू ज्या हलत्या चित्रांसाठी जागतोस त्यांचं एक मूळ आपल्याच गावात आहे, माहीत आहे का? दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी ते १८९० मध्ये काढलं, आणि फाळके सुरुवातीच्याच विद्यार्थ्यांतले. चित्रपट काढायला भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी आधी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभराहून जास्त काळ त्याची चित्रं घेत 'अंकुराची वाढ' बनवलं. पडद्यावर मिनिटभराचा मामला. कॅमेरा हाताने फिरवायचा. महिन्यात एक दिवस चुकला असता तर रोप त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं. तुला निदान २१३ पासून पुढे सुरू करता येतं. ते करतोस ना? फ्रेम वेगवेगळ्या फाइलींत साठवतोस की अजून एकाच व्हिडिओ फाइलीत? एकाच फाइलीत असेल तर आधी ते बदल, स्लायडर नंतर.

मामी म्हणते, पोराला एवढं लांबलचक लिहू नका, तो वाचणार नाही. तिला दाखवायला का होईना, आज रात्रीचा आकडा मला कळव: कितीवर ठेवलंस आणि कोणत्या फ्रेमपर्यंत गेलं. नुसतं "चाललं" असं लिहू नकोस.

दिवाळीला येताना कार्ड घेऊन ये, पंखे उतरवून चिपवरची उष्णता वाहणारी पेस्ट बदलू. पेस्टची नळी मात्र तिकडूनच आण. इथे मला मिळाली होती ती अर्धी सुकलेली होती.

तुझा,
मामा