लेकराचा प्रश्न आणि राहुलाचा धडा



दीक्षा घेतल्यानंतर तुम्ही देव्हारा उतरवला, नवस-सायास सोडले, अंगारे-धुपारे बंद केले आणि भिंतीवर तथागत व बाबासाहेब यांच्या तसबिरी लावल्या. हे धाडसाचे काम होते. आता स्वतःच्या घराची एक साधी परीक्षा घ्या. तुमचे चार वर्षांचे मूल संध्याकाळी विचारते, "आई, चंद्र आपल्याबरोबर का चालतो?" कामावरून थकून आलेली आई म्हणते, "गप बस, नाहीतर बागुलबुवा येईल." त्याच क्षणी देव्हाऱ्यातून घालवलेली भीती मुलाच्या मनात पुन्हा येऊन बसते.

आपल्या आजा-पणज्यांना 'का?' विचारण्याची सोय नव्हती. पाणवठ्यावर आम्ही का नाही, शाळेत आमचे पोर बाहेर का, असे विचारणाऱ्याच्या पाठीवर काठी बसत असे. ज्याला प्रश्न विचारू दिला जात नाही, त्याला आपली गुलामगिरी हीच रीत वाटू लागते. 'का?' हा शब्द आपल्या घरात फार मोठी किंमत देऊन आला आहे. लेकराच्या तोंडून तो निघताच आपणच तो दाबून टाकणार काय?

तथागतांनी मुलाला कसे शिकविले?

मज्झिम निकायात राहुलाला केलेल्या उपदेशाचे एक सुत्त आहे. राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता, असे अट्ठकथा सांगते. तथागत आलेले पाहून त्याने आसन मांडले व पाय धुण्यास पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर तथागतांनी भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, "हे थोडे पाणी दिसते का?" जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेच थोडे असते, असे त्यांनी सांगितले. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखविले आणि प्रत्येक वेळी तोच बोध दिला. शेवटी त्यांनी विचारले, "आरसा कशासाठी असतो?" राहुल म्हणाला, "पाहण्यासाठी." तसेच प्रत्येक कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे, त्याने आपले वा दुसऱ्याचे अहित तर होत नाही ना, हे बघावे, असा तो धडा होता.

या धड्यात काय आहे ते नीट पाहा. हाताशी असलेली वस्तू घेतली. मुलाला प्रश्न विचारला व त्याच्याकडून उत्तर घेतले. एका वेळी एकच गोष्ट शिकविली. छडी घेतली नाही की भूत दाखविले नाही. शेवटी पारखण्याचे काम मुलाच्याच हाती सोपविले. बुद्धी वाढते ती अशी.

घरी काय करावे?

"आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" असे पुष्कळ आई-बाप म्हणतात. परंतु राहुलाच्या धड्याला पुस्तक लागले नव्हते.

१. मुलाशी जन्मापासून बोला. त्याला कळत नाही असे समजू नका. पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदूची वाढ फार झपाट्याने होते. न्हाऊ घालताना, भाकरी थापताना जे करता ते सांगत राहा.

२. कामातच शिकवा. भाकऱ्या मोजायला सांगा. तूर आणि हरभरा वेगळे करायला द्या. भांडे भरले की किती तांबे मावले, ते त्याला सांगू द्या.

३. उत्तर येत नसेल तर, "मला ठाऊक नाही, आपण पाहू," असे सरळ म्हणा. चंद्राचा प्रश्न असेल तर त्याचा हात धरून बाहेर जा. चालताना जवळचे झाड मागे पडते, दूरचा डोंगर फारसा हलत नाही, चंद्र तर त्याहून कितीतरी दूर आहे. खोटे उत्तर देऊन मोठेपणा राखू नका.

४. मुलीच्या प्रश्नाला मुलाच्या प्रश्नाइतकाच वेळ द्या. "पोरीच्या जातीला काय करायचे?" ही भाषा बौद्ध घरात शोभत नाही.

५. रडते म्हणून हातात मोबाईल देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांखालील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये. पडदा मुलाशी बोलतो, पण मुलाचे ऐकत नाही.

६. उपाशी पोटी बुद्धी चालत नाही. डाळ, पालेभाजी, अंडे जे परवडेल ते द्या. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. आयोडीन कमी पडले तर बुद्धीची वाढ खुंटते. तीन वर्षांचे झाले की अंगणवाडीत नियमाने पाठवा.

धम्माविषयीही प्रश्न येतील

मूल विचारील, "बुद्ध देव आहेत का? मग फुले का वाहायची?" रागावू नका. सांगा की, बुद्ध मनुष्य होते, त्यांनी दुःखातून बाहेर पडण्याचा मार्ग शोधला. फुले आपण कृतज्ञतेने वाहतो, आणि फूल कोमेजते तसे सर्व काही बदलते हे ध्यानात ठेवतो. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. मग आपण आपल्या लेकराला "मी सांगतो म्हणून मान" असे कसे म्हणावे?

रामजी सुभेदारांचे उदाहरण

परळच्या चाळीतील एका खोलीत बाबासाहेब शिकले. वडील रामजी सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत. पुस्तकाला पैसे नसले तर लेकींकडून उसने घेत, प्रसंगी लेकीचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. बापाने वाचनाची गोडी लावली होती, म्हणून ते पुस्तक योग्य हाती पडले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेकडे जाणाऱ्या वाटेचा एक धागा त्या खोलीतून निघालेला आहे.

बावीस प्रतिज्ञांत प्रज्ञा, शील व करुणा यांना धरून जगण्याची प्रतिज्ञा आपण घेतली. त्यातील प्रज्ञेचा पहिला अंकुर म्हणजे लेकराचा 'का?'. त्याला पाणी घाला.

या पंधरवड्याचा स्वाध्याय

१. मुलाने दिवसभरात विचारलेला एक प्रश्न रोज रात्री आई-वडिलांनी एकमेकांना सांगावा.

२. उत्तर न आलेले प्रश्न लिहून ठेवावेत. लिहिता येत नसेल तर शाळेतील थोरल्या भावंडाकडून लिहवून घ्यावेत. रविवारी विहारात ते सर्वांपुढे मांडावेत.

३. भीती दाखवून मुलाला गप्प केल्याचा प्रसंग आठवून, त्या वेळी दुसरे काय म्हणता आले असते, याचा विचार करावा. आरसा फक्त राहुलासाठी नाही, आपल्यासाठीही आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!